जुनी मालमोटार आणि घरची दुरुस्ती : अमेरिकन ग्रामीण जीवनातील तंत्रज्ञान-व्यवहाराचा ऐतिहासिक अभ्यास (१९१७ ते १९४५)

प्रस्तावना

तंत्रज्ञानाचा इतिहास सामान्यतः शोधांचा आणि उत्पादनाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. मोटारगाडीच्या इतिहासात हेन्री फोर्ड, १९१३ मधील हायलंड पार्क येथील फिरता जुळणी-पट्टा आणि मोठ्या प्रमाणावरील उत्पादन यांना जे स्थान मिळते, ते गाडी विकत घेतल्यानंतर पुढची दहा-पंधरा वर्षे ती चालती ठेवणाऱ्या माणसाला मिळत नाही. कारखान्यातून यंत्र बाहेर पडते त्या क्षणी इतिहासकाराची नजर त्याच्यावरून हटते. वास्तविक यंत्राचे बहुतांश आयुष्य त्यानंतरच सुरू होते. ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी 'द शॉक ऑफ द ओल्ड' (२००६) या ग्रंथात तंत्रज्ञानाचा इतिहास वापराच्या अंगाने लिहावा, अशी भूमिका मांडली असून देखभाल व दुरुस्ती या दुर्लक्षित विषयांना त्यात स्वतंत्र स्थान दिले आहे.

प्रस्तुत लेखात या भूमिकेतून एका मर्यादित विषयाचा विचार केला आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील शेतकरी कुटुंबांनी आपल्या जुन्या मालमोटारींची अवघड दुरुस्ती स्वतःच्या घरी, कोठारात व अंगणात कशी केली, ती का केली, आणि पुढे हे काम त्यांच्या हातून कसे सुटत गेले, हा तो विषय होय. विषय वरवर पाहता किरकोळ वाटेल. परंतु यंत्राविषयीचे ज्ञान कोणाकडे असावे, ते वापरणाऱ्याकडे की विकणाऱ्याकडे, हा त्यामागील प्रश्न किरकोळ नाही. भारतातही आज तो नव्याने उपस्थित झाला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) घरगुती दुरुस्तीला अनुकूल ठरलेल्या यंत्ररचनेचा व सामाजिक परिस्थितीचा शोध घेणे.
२) अवघड दुरुस्तीचे प्रत्यक्ष स्वरूप समजून घेणे.
३) हे काम घराबाहेर जाण्यामागील कारणांचे विश्लेषण करणे.
४) भारतीय अनुभवाच्या संदर्भात त्याचे तौलनिक महत्त्व तपासणे.

लेखाची मांडणी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीने केली असून ती दुय्यम साधनांवर आधारलेली आहे.

शेतावर आलेली मालमोटार

फोर्ड कंपनीचे 'मॉडेल टी' १ ऑक्टोबर १९०८ रोजी बाजारात आले आणि मे १९२७ पर्यंत त्याच्या दीड कोटी गाड्या तयार झाल्या. अमेरिकेच्या ग्रामीण भागात ही गाडी प्रवासी वाहन म्हणून आली, पण ती तशी राहिली नाही. शेतकऱ्यांनी मागची आसने काढून त्या जागी लाकडी हौदा बसवला. मागचे चाक जमिनीपासून उचलून त्यावर पट्टा चढवला आणि त्या जोरावर मक्याची कणसे सोलणारी यंत्रे, करवती, एवढेच नव्हे तर कपडे धुण्याची यंत्रेही चालवली. रोनाल्ड क्लाइन व ट्रेव्हर पिंच यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या सर्व प्रकारांची चर्चा केली असून वापरकर्ता हाही तंत्रज्ञान घडवणारा घटक असतो, असे प्रतिपादन केले आहे.

साध्या गाडीचे मालमोटारीत रूपांतर करणारे सांगाडेही बाजारात मिळू लागले. 'स्मिथ फॉर्म-अ-ट्रक' हे त्यांपैकी प्रसिद्ध नाव. ही मागणी ओळखून फोर्डने १९१७ मध्ये 'मॉडेल टीटी' ही एक टन क्षमतेची मालमोटार आणली. सुरुवातीस तिच्या केवळ चेसिसची किंमत ६०० डॉलर होती. चालकाची खोली आणि हौदा ग्राहकाने अन्यत्र बनवून घ्यावा, अशी पद्धत होती. इंजिन मात्र मॉडेल टीचेच, म्हणजे चार सिलिंडरचे व सुमारे २० अश्वशक्तीचे. आसांमधील अंतर १०० इंचांवरून १२४ इंचांवर नेले होते आणि मागच्या आसाला मळसूत्री दंतचक्राची जोडणी दिली होती. वेग फार कमी. परंतु घोडागाडीच्या तुलनेत ती शेतमाल दूरच्या बाजारात नेऊ शकत होती.

अमेरिकेच्या कृषी गणनेनुसार १९२० मध्ये शेतांवर सुमारे १ लाख ३९ हजार मालमोटारी होत्या. १९३० मध्ये ही संख्या ९ लाखांवर गेली. १९४० मध्ये ती साडेदहा लाखांच्या जवळपास होती. १९३० ते १९४० हे दशक महामंदीचे होते. शेतकऱ्यांची नव्या खरेदीची ताकद संपली असतानाही शेतावरील मालमोटारींची संख्या घटली नाही, याचा एक अर्थ असा की जुनी वाहने मोडीत न काढता चालवली गेली. ती कशी चालवली गेली, हा खरा प्रश्न आहे.

दुरुस्तीस अनुकूल यंत्ररचना

या यंत्राची रचना उघडी व सुबोध होती. इंजिनाचे डोके सुटे करता येई. पाणी फिरवण्यासाठी पंप नव्हता. तापलेले पाणी वर जाते व थंड पाणी खाली येते, या तत्त्वावरच इंजिन थंड राही. तेलाचाही पंप नव्हता. फिरत्या भागांनी उडवलेल्या तेलावर वंगणाचे काम भागत असे. तेलाची पातळी पाहण्यासाठी दोन लहान तोट्या होत्या. त्या उघडून तेल कोठपर्यंत आहे ते समजून घ्यावे लागे, आणि त्यासाठी माणसाला गाडीखाली वाकावे लागे. पेट्रोल टाकीतून केवळ उतारानेच कार्ब्युरेटरपर्यंत येई. त्यामुळे टाकीत इंधन कमी असताना तीव्र चढावर गाडी उलटी चढवण्याचा प्रसंग येत असे. यंत्राचे तत्त्व डोळ्यांना दिसणारे असल्यामुळे बिघाडाचे कारणही बहुधा तर्काने शोधता येई.

दुसरी गोष्ट सुट्या भागांची. मोठ्या प्रमाणावरील उत्पादनामुळे भाग एकसारखे होते व स्वस्त होते. फोर्डच्या विक्रेत्यांखेरीज सिअर्स, रोबक यांच्यासारख्या टपालाने माल पाठवणाऱ्या दुकानांच्या सूचीतूनही ते मागवता येत. ज्या गावात कारागीर नव्हता तेथे टपाल होते, ही बाब लक्षणीय आहे.

तिसरी गोष्ट शेतकऱ्याच्या पूर्वानुभवाची. अमेरिकन शेतावर कापणी यंत्रे, मळणी यंत्रे व एका जागी बसवलेली इंजिने आधीपासून होती. अनेक शेतांवर ऐरण, भाता, छिद्रे पाडण्याचे यंत्र व सुताराची हत्यारे असत. नांगराचा फाळ शेवटणारा हातच पुढे मालमोटारीचा रॉड सोडवू लागला. १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने माध्यमिक शाळांतील कृषी व्यवसाय शिक्षणास संघराज्य सरकारचे अर्थसाहाय्य मिळाले आणि त्या शिक्षणात शेतावरील यंत्रकामाचाही समावेश झाला. अशा रीतीने घरचे कौशल्य व शाळेचे शिक्षण यांची काही प्रमाणात सांगड पडली.

अवघड दुरुस्तीचे स्वरूप

टायरचे पंक्चर काढणे किंवा ठिणगी-प्लग पुसणे हे नित्याचे काम होते. येथे विचार त्या दुरुस्तीचा आहे, जिच्यासाठी यंत्राच्या पोटात हात घालावा लागे. अशा तीन कामांचा उल्लेख पुरेसा आहे.

पहिले काम बेअरिंगचे. त्या काळच्या इंजिनात क्रँकशाफ्ट व कनेक्टिंग रॉड यांच्या सांध्यांत बॅबिट या कथिलप्रधान मऊ मिश्रधातूचा थर असे. ओझे वाहून तो झिजला की सांध्यात फट पडे आणि इंजिनातून खटखट ऐकू येऊ लागे. या आवाजाकडे दुर्लक्ष केल्यास रॉड तुटून इंजिनाचे कवच फुटण्याचा धोका असे. मॉडेल टीच्या तेलपात्राच्या तळाशी तपासणीसाठी एक झाकण होते. तेल काढून टाकून, गाडीखाली पाठीवर पडून ते झाकण उघडावे, रॉडची टोपी सोडवावी, तिच्या कडा कानशीने अगदी थोड्या घासाव्यात आणि ती पुन्हा बसवून पाहावी, असा क्रम होता. पृष्ठभाग कोठे टेकतो हे पाहण्यासाठी निळा रंग लावीत; जेथे रंग उमटे तेथे बॅबिट खरवडून काढीत. कमी घासले तर खटखट राही, जास्त घासले तर इंजिन हाताने फिरेनासे होई. हा अंदाज पुस्तकात वाचून येत नसे. बॅबिट पूर्णच गेले असल्यास नव्याने थर ओतलेला रॉड जुन्याच्या बदल्यात आणावा लागे. मुख्य बेअरिंगचे, विशेषतः मागील बेअरिंगचे काम निघाले तर इंजिन खाली उतरवण्यावाचून पर्याय नव्हता. तेव्हा कोठाराची तुळई किंवा झाडाची मजबूत फांदी, दोर आणि कप्पी हीच उचलयंत्राची सामग्री होई.

दुसरे काम झडपांचे. ज्वलनामुळे झडपांच्या कडा जळून खडबडीत होत व इंजिनाची ताकद कमी होई. डोके उतरवून, काजळी खरवडून, झडपेला घर्षणलेप लावून ती तिच्या बैठकीवर हाताने मागे-पुढे फिरवीत राहावी लागे. दोन्ही पृष्ठभागांवर एकसारखे राखी वर्तुळ दिसू लागेपर्यंत हे काम चाले. झडपेची फट कमी-जास्त करण्याची सोय या इंजिनात नव्हती, म्हणून प्रसंगी झडपेच्या दांड्याचे टोकच घासावे लागे. हे काम अवघड होण्यापेक्षा चिकाटीचे होते, आणि बर्फाळ हिवाळ्यात शेतीची कामे थांबली असताना त्यास सवड मिळत असे.

तिसरे काम गतिपेटीतील पट्ट्यांचे. मॉडेल टीला तीन पायपट्ट्या होत्या आणि त्या दाबल्या की फिरत्या ढोलांभोवती कापसाचे अस्तर लावलेले पट्टे आवळले जात. सावकाश गती, उलटी गती आणि ब्रेक या तिन्ही क्रिया या पट्ट्यांवर अवलंबून होत्या. ओझ्याच्या गाडीत हे अस्तर लवकर झिजे. ते बदलताना एखादी चाकी किंवा खिळ पेटीत पडली तर ती चुंबकीय विद्युतजनित्रात जाऊन मोठे नुकसान करी. म्हणून जाणते लोक आधी पेटीच्या तोंडात फडके कोंबीत. टीटीच्या बाबतीत आणखी एक धोका होता. अनेकांनी चढावरील सोयीसाठी बाजारातील जादा गतिपेटी बसवून घेतली होती. पायाचा ब्रेक मूळ गतिपेटीवर काम करीत असल्याने मागची जादा पेटी मध्यस्थितीत राहिली तर त्या ब्रेकचा चाकांशी संबंधच तुटे. उतारावर भरलेली गाडी असताना याचा परिणाम काय होईल, हे सांगावयास नको. घरच्या सुधारणेने एक अडचण दूर करावी आणि दुसरी ओढवून घ्यावी, याचे हे बोलके उदाहरण आहे. म्हणून घरगुती दुरुस्तीचे केवळ गौरवीकरण करणे इतिहासाला धरून होणार नाही.

स्वश्रमाचे अर्थशास्त्र

इतका वेळ खर्चून दुरुस्ती घरी करणे परवडत होते काय? मजुरीच्या दराने हिशेब केला तर अनेकदा परवडत नसावे. परंतु शेतकरी कुटुंब असा हिशेब करीत नसे. रशियन अर्थतज्ज्ञ अलेक्झांडर चायानोव यांनी १९२० च्या दशकात असे मांडले होते की, कुटुंबाधारित शेतीत स्वतःच्या श्रमाला मजुरीसारखी वेगळी किंमत नसते. काम किती करायचे हे कुटुंबाची गरज आणि श्रमाचा शीण यांच्या तोलावर ठरते. अमेरिकन शेतकरी बाजारपेठेशी अधिक जोडलेला असल्याने हा सिद्धान्त त्याला जसाच्या तसा लागू होत नाही. तरीही रोख पैसा दुर्मीळ आणि हिवाळ्यातील वेळ मुबलक, या परिस्थितीत त्याचा वापर उद्‌बोधक ठरतो. गॅरेजला द्यावी लागणारी रक्कम रोख होती; गाडीखाली घालवलेला दिवस रोख नव्हता.

गॅरेजविषयीचा अविश्वास हेही एक कारण होते. लोहार, सायकल दुरुस्त करणारे, घोड्यांच्या पागा चालवणारे अशा अनेकांनी मोटार दुरुस्तीचा व्यवसाय स्वीकारला. पण त्यांच्या कौशल्याची खात्री देणारी यंत्रणा नव्हती. १९४१ मध्ये 'रीडर्स डायजेस्ट' या मासिकाने देशभर फिरून केलेल्या पाहणीत भेट दिलेल्या गॅरेजांपैकी निम्म्याहून अधिक ठिकाणी फसवणूक झाल्याचे प्रसिद्ध केले. ही पाहणी शास्त्रीय नव्हे. परंतु लोकांच्या मनातील संशयाला तिने मुद्रित रूप दिले, हे नाकारता येत नाही.

मंदी आणि युद्ध

१९२९ नंतरच्या मंदीने घरगुती दुरुस्तीला सवयीच्या जागेवरून गरजेच्या जागेवर आणले. ज्यांना पेट्रोलही परवडेना त्यांनी मोटारीचे इंजिन बाजूला ठेवून तिला घोडे जुंपले. तत्कालीन राष्ट्राध्यक्षांच्या नावावरून या वाहनांना 'हूव्हर वॅगन' असे उपरोधाने म्हटले जाई. जॉन स्टाइनबेक यांच्या 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' (१९३९) या कादंबरीतील जोड कुटुंब ज्या वाहनातून कॅलिफोर्नियाकडे निघते, ते हडसन मोटारीला कापून बनवलेली मालमोटार आहे. सोबतच्या कुटुंबाच्या गाडीचे बेअरिंग निकामी झाल्यावर भंगारातून रॉड मिळवून रस्त्याकडेलाच केलेल्या दुरुस्तीचे त्यात तपशीलवार वर्णन येते. कादंबरी हा पुरावा नव्हे. परंतु हे वर्णन वाचकाला परिचित वाटेल, असे लेखकाने गृहीत धरले होते, ही गोष्ट इतिहासाच्या दृष्टीने बोलकी आहे.

दुसऱ्या महायुद्धात हीच गरज सरकारी धोरण बनली. जानेवारी १९४२ पासून टायरची नियंत्रित वाटणी सुरू झाली, फेब्रुवारी १९४२ मध्ये नागरी मोटारींचे उत्पादन थांबले आणि डिसेंबर १९४२ पासून पेट्रोलचे नियंत्रण देशभर लागू झाले. असलेली मालमोटार टिकवणे हे देशकार्य मानले जाऊ लागले. जे काम तोवर गरिबीचे लक्षण समजले जात होते, त्याला अल्पकाळ का होईना, प्रतिष्ठा लाभली.

काम घराबाहेर का गेले?

हे स्थित्यंतर एका दिवसात झाले नाही. त्याची बीजे युद्धापूर्वीच पेरली गेली होती. १९३२ मध्ये फोर्डने आठ सिलिंडरचे व्ही-आकाराचे इंजिन आणले. ते अधिक शक्तिशाली, पण अधिक दाटीवाटीचे होते. त्याच दशकात ओतीव बॅबिटऐवजी तयार कवचासारखी बेअरिंगे येऊ लागली. ती बदलणे सोपे. मात्र क्रँकशाफ्ट झिजला असेल तर तो यंत्रशाळेत अचूक मापाने घासून घेणे अपरिहार्य झाले. थरावर थर खरवडून 'जुळवून घेण्याची' सोय संपली. जुने इंजिन देऊन कारखान्यात पुनर्बांधणी केलेले इंजिन घेण्याची योजनाही फोर्डने सुरू केली. दुरुस्तीचे काम याप्रमाणे दोन भागांत विभागले गेले. सुटे भाग बदलणे घरी राहिले आणि भाग घडवणे, जुळवणे हे यंत्रशाळेकडे गेले. कौशल्याचा गाभा दुसऱ्या भागात होता.

येथे एक आक्षेप विचारात घ्यावा लागतो. यंत्र अधिक विश्वसनीय झाल्यामुळे दुरुस्तीची गरज घटली. मग ज्ञान हरपल्याची खंत कशाला? आक्षेप निराधार नाही. बेअरिंगची वारंवार करावी लागणारी कानसघाशी संपली, याचे दुःख गाडीखाली पडून ती करणाऱ्याला खचितच झाले नसेल. परंतु विश्वसनीयता आणि दुर्गमता या दोन भिन्न गोष्टी आहेत. यंत्र टिकाऊ असूनही उघडण्याजोगे असू शकते. ते तसे ठेवायचे की नाही हा निर्णय तांत्रिक असतो तितकाच व्यापारी असतो.

भारतीय संदर्भ

या इतिहासाचा भारताशी प्रत्यक्ष संबंध आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईतील शिवडी येथे जुळणी कारखाना सुरू केला आणि फोर्डच्या गाड्यांचीही जुळणी भारतात होत असे. स्वातंत्र्यानंतर १९५३ च्या प्रशुल्क आयोगाच्या शिफारशींनुसार देशात उत्पादनाचा कार्यक्रम नसलेल्या विदेशी कंपन्यांना येथील काम आवरते घ्यावे लागले. या कंपन्या गेल्या, पण त्यांच्या गाड्या राहिल्या. १९५४ मध्ये टेल्कोने डाइमलर-बेंझच्या सहकार्याने मालमोटारींचे उत्पादन सुरू केले. तरी आयात-निर्बंध व परवाना पद्धतीच्या काळात जुने वाहन चालवत राहणे हीच सामान्य रीत होती.

मात्र येथील दुरुस्तीचे सामाजिक स्वरूप वेगळे होते. अमेरिकेत मालक, चालक आणि दुरुस्ती करणारा हे बहुधा एकच व्यक्तिमत्त्व होते. भारतात मालक, चालक, क्लीनर आणि मेस्त्री अशी उतरंड होती. एक-दोन मालमोटारींचे मालकच या व्यवसायात बहुसंख्य असूनही इंजिन उतरवणे, लायनर बदलणे, कमानपाटे बसवणे ही कामे प्रामुख्याने मेस्त्रीच्या हातची राहिली. हे ज्ञान मेस्त्रीच्या हाताखाली राहून, पाना देता-घेता शिकले जाई. १९५० मध्ये सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेमुळे औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून मोटार-यांत्रिकाचे औपचारिक शिक्षण मिळू लागले. तथापि रस्त्याकडेच्या मेस्त्रीचे ज्ञान प्रमाणपत्राच्या कक्षेबाहेरच राहिले. अमेरिकन शेतकऱ्याच्या दुरुस्तीच्या खुणा कृषी नियतकालिके, सूचीपुस्तके व दुरुस्ती-पुस्तिका यांत सापडतात. आपल्याकडील मेस्त्रीने लिहिले नाही आणि त्याच्याविषयी कोणी लिहिले नाही. हाताने काम करणाऱ्यास ज्ञानी न मानण्याच्या आपल्या जुन्या सामाजिक दृष्टीचा हा परिणाम आहे, असे म्हटल्यास ते अतिशयोक्तीचे होणार नाही.

एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज-६ या उत्सर्जन मानकांनंतर नव्या मालमोटारींचे इंजिन इलेक्ट्रॉनिक नियंत्रणावर अधिकच अवलंबून झाले आहे. प्रदूषण घटवण्यासाठी हे आवश्यकच आहे. परंतु बिघाड वाचण्याचे साधन कोणाकडे असावे, हा प्रश्न त्यातून निर्माण होतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्ये मोटारींच्या संदर्भात 'दुरुस्तीच्या हक्का'चा कायदा केला. भारत सरकारने जुलै २०२२ मध्ये या विषयावर समिती नेमली असून तिने निवडलेल्या क्षेत्रांत मोटारवाहने व शेतीची अवजारे या दोहोंचा समावेश आहे. त्याआधी ऑगस्ट २०२१ मध्ये जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरण जाहीर झाले होते. वाहन केव्हा 'जुने' ठरते आणि ते कोणी ठरवायचे, हा या दोन्ही धोरणांमागील समान प्रश्न आहे.

निष्कर्ष

१) मालमोटारीची घरगुती दुरुस्ती ही केवळ काटकसर नव्हती. सुबोध यंत्ररचना, स्वस्त सुटे भाग, शेतावरील पूर्वकौशल्य आणि रोख पैशाची टंचाई यांच्या संयोगातून ती निर्माण झाली.

२) अवघड दुरुस्तीतील निर्णायक घटक हाताचा अंदाज हा होता. तो मुख्यतः अनुभवाने मिळत असल्याने काम बंद पडताच तो एका पिढीत नाहीसा होऊ शकतो.

३) घरच्या सुधारणांत धोकाही होता. म्हणून दुरुस्तीचा हक्क मागताना सुरक्षिततेच्या जबाबदारीचाही विचार झाला पाहिजे.

४) दुरुस्ती घराबाहेर जाण्यामागे तांत्रिक प्रगतीबरोबरच उत्पादकांचे व्यापारी निर्णयही कारणीभूत होते.

५) भारतीय मेस्त्रीच्या ज्ञानाची नोंद मौखिक इतिहासाच्या पद्धतीने घेणे हे तातडीचे काम आहे. परवाना पद्धतीच्या काळात मालमोटारी चालत्या ठेवणारी पिढी आज वृद्धापकाळात आहे. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी, महामार्गाच्या नाक्यावर असे मेस्त्री आढळतात. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी पदवी व पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पकार्यासाठी हा विषय घेतल्यास स्थानिक इतिहासाचे एक मोलाचे साधन हाती येईल. कागदपत्रे दप्तरखान्यात वाट पाहू शकतात. माणसे पाहू शकत नाहीत.